हातात आलेला कागद आधी वाचा : वाचकांचे कायद्याचे प्रश्न

यावेळी पत्रं आणि मेसेज मिळून इतके आलेत की सगळे घेणं शक्य नाही, पण बहुतेकांची अडचण एकच आहे. पोलीस स्टेशनमधून एक कागद हातात मिळतो, त्यावर चार कलमं लिहिलेली असतात, आणि माणूस एकतर इतका घाबरतो की घर सोडून पळायला निघतो नाहीतर काही होत नाही म्हणून तो कागद फ्रीजवर ठेवून देतो. मी वकील म्हणून तालुका कोर्टात वीस वर्षं उभी राहतेय, माझ्याकडे एक मावशी आल्या होत्या, त्यांनी एन.सी.ची, म्हणजे अदखलपात्र तक्रारीच्या नोंदीची, पावती दीड वर्ष उशीच्या अभ्र्यात घडी करून ठेवली होती, पावती मिळाली म्हणजे केस चालू झाली असं त्या समजत होत्या. पावतीच्या खाली बारीक अक्षरात स्पष्ट लिहिलेलं होतं, "फिर्यादीस कोर्टात दाद मागण्याची समज दिली." ती ओळ त्यांना कुणी वाचून दाखवली नव्हती. म्हणून सुरुवात त्यातूनच करते.

प्रश्न : बांधावरून चुलतभावाशी भांडण झालं, त्याने फावड्याच्या दांड्याने हातावर मारलं, शिव्या दिल्या, तुला बघून घेतो म्हणाला. पोलिसांनी एन.सी. घेतली आणि कोर्टात जा म्हणाले. दोन दिवसांनी हाताची सूज उतरेना म्हणून एक्स-रे काढला तर करंगळीचं हाड मोडलंय. परत गेलो तर म्हणतात एन.सी. झालीय, आता विषय संपला. खरंच संपला का? (एक शेतकरी, शिरूर तालुका)

उत्तर : नाही दादा, अजिबात संपलेला नाही, उलट त्या एक्स-रेने विषय बदललाय.

आपल्याकडे गुन्ह्यांची पहिली वाटणी दखलपात्र आणि अदखलपात्र अशी आहे. दखलपात्र म्हणजे पोलीस स्वतःहून गुन्हा नोंदवून तपास करू शकतात, वॉरंटशिवाय अटक करू शकतात. अदखलपात्र, ज्याला आपण एन.सी. म्हणतो, त्यात पोलीस फक्त नोंद घेतात आणि तुम्हाला मॅजिस्ट्रेटकडे पाठवतात, कोर्टाचा आदेश असल्याशिवाय त्यांना तपासच करता येत नाही. म्हणजे एन.सी. घेतली यात पोलिसांनी तुमची फसवणूक केली असं लगेच धरू नका, त्या दिवशी त्यांच्यासमोर सुजलेला हात, शिव्या आणि धमकी एवढंच होतं. साधी दुखापत जुन्या भारतीय दंड संहितेच्या (आय.पी.सी.) जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) मध्ये येते, १ वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि ती अदखलपात्र आहे. शिवीगाळ करून डिवचणं ३५२, साधी धमकी ३५१(२), हीसुद्धा अदखलपात्र.

पण हाड मोडलं की ती कायद्याने 'जबर दुखापत' होते. कलम ११६ मध्ये जबर दुखापतीचे आठ प्रकार दिलेत, त्यात हाड किंवा दात मोडणं किंवा निखळणं हा एक आहे, करंगळीचं हाड असलं तरी हाडच, कायदा त्यात लहानमोठं बघत नाही. मग लागतं ११७(२), त्याला ७ वर्षांपर्यंत कैद आणि दंड, आणि ते दखलपात्र आहे. एका प्रकरणात चार कलमं असली आणि त्यातलं एक जरी दखलपात्र असलं तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं असा नियम आहे.

आता करायचं काय, तर एक्स-रे कुठे काढला ते महत्त्वाचं आहे. खासगी दवाखान्यात काढला असेल तरी हरकत नाही पण पोलिसांकडून मेडिकल यादी, म्हणजे तपासणीसाठी दवाखान्याला द्यायचं पत्र, मागून घ्या आणि सरकारी दवाखान्यात तपासून इंज्युरी सर्टिफिकेट होऊ द्या, त्यावर साधी की जबर हे डॉक्टर लिहितात आणि पुढची सगळी इमारत त्या एका शब्दावर उभी राहते. मग एन.सी. नंबर टाकून लेखी अर्ज द्या की वैद्यकीय अहवालानुसार हाड मोडलंय, माझा पुरवणी जबाब घ्या आणि गुन्हा दाखल करा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच शिक्का घेतल्याशिवाय स्टेशनमधून हलू नका. तरी घेतलं नाही तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने एस.पी. साहेबांना पाठवायचा, आणि तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो, हे आता नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि कोर्टाची पद्धत ठरवणारा नवा कायदा) कलम १७३(४) मध्येच लिहिलेलं आहे. एफ.आय.आर. झाला की त्याची प्रत फुकट मिळते, तिचे पैसे कुणाला देऊ नका.

आणि ज्यांची दुखापत खरंच साधी आहे त्यांनी हे लक्षात ठेवा की साध्या दुखापतीच्या कलमात कोर्टाने दखल घ्यायची मुदत १ वर्षाची आहे, माझ्याकडे आलेल्या त्या मावशी दीड वर्षाने आल्या होत्या.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. कॉलेजबाहेर मारामारी झाली, त्यात याचंही नाव आलं. घरी पोलिसांची नोटीस आलीय, त्यावर ११८(१) आणि ३५(३) लिहिलंय. आमच्या ओळखीचे एकजण म्हणतात अजामीनपात्र आहे, जामीनच मिळत नाही, पोराला महिनाभर मामाकडे पाठवा. मला रात्र रात्र झोप नाही. (एक आई, नाशिक)

उत्तर : ताई, आधी एक करा, मुलाला मामाकडे पाठवू नका.

ते ३५(३) म्हणजे गुन्ह्याचं कलम नाहीये, ती नागरिक सुरक्षा संहितेतली हजर राहण्याची नोटीस आहे. म्हणजे पोलीस सांगतायत की आम्हाला आत्ता अटकेची गरज वाटत नाही, तू अमुक तारखेला येऊन जबाब दे. ७ वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात लगेच बेड्या घालायच्या नाहीत, अटक का गरजेची आहे याची कारणं लिहायची, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच अर्नेशकुमारच्या निकालात बजावलंय. मुलगा ठरल्या तारखांना हजर राहिला तर सहसा अटक होत नाही, करायची झाली तर कारण लिहून ठेवावं लागतं. पण तो गेलाच नाही, तर नोटीस पाळली नाही हेच अटकेचं कारण होतं. तुमच्या ओळखीच्या माणसाने मायेपोटीच सांगितलं असेल पण तो सल्ला मुलाला थेट कोठडीत नेणारा आहे.

दुसरं, जामीनपात्र आणि अजामीनपात्र. जामीनपात्र म्हणजे जामीन हा हक्क आहे, जामीनदार दिला की पोलीस स्टेशनमधूनच सोडावं लागतं. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळत नाही असं नाही, तो द्यायचा की नाही हे कोर्ट ठरवतं, एवढाच फरक. रोज आमच्या कोर्टात अजामीनपात्र गुन्ह्यात जामीन होतात. आणि ही वाटणी शिक्षेच्या आकड्यावरून सरळ लागत नाही हेही बघा, वरच्या प्रश्नातल्या हाड मोडण्याला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे तरी ते जामीनपात्र आहे, आणि साध्या चोरीला ३ वर्षांपर्यंत आहे तरी ती अजामीनपात्र. तुमच्या मुलावरचं ११८(१) म्हणजे धोकादायक हत्याराने दुखापत, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, दखलपात्र आणि अजामीनपात्र.

वकील गाठा, नोटिशीची प्रत दाखवा, अटकेची भीती खरी वाटली तर सेशन्स कोर्टात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो, आणि तारखेला वकिलांना सांगून मुलाला वेळेवर पाठवा, कॉलेजचं आयकार्ड, आधार सोबत ठेवा. चुकून अटक झालीच तर २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं, अटकेचं कारण त्याला सांगावं लागतं आणि घरच्यांना कळवावं लागतं. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईमाणसाला आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १५१०० हा त्यांचा फोन नंबर आहे.

आणि ताई, मुलाला समोर बसवून त्या दिवशी खरं काय झालं ते शांतपणे विचारा, आणि ते जसंच्या तसं वकिलाला सांगा. आम्हाला अर्धं सांगितलं की आम्ही अर्धंच वाचवू शकतो.

प्रश्न : एस.टी. स्टँडवर बसमध्ये चढताना हातातला मोबाईल हिसकावून एकजण पळाला. १४ हजाराचा होता. स्टेशनला "मोबाईल गहाळ झाला" असा दाखला दिला. चालेल ना? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : सिमकार्ड परत मिळवायला चालेल, चोर शोधायला नाही. गहाळ म्हणजे तुमच्या हातून हरवला, त्यात गुन्हाच नाही आणि म्हणून तपासही नाही. हातातून हिसकावणं हा आता वेगळा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ३०४, ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड, दखलपात्र. दाखल्यावर सही करायच्या आधी वाचा आणि "गहाळ" लिहिलं असेल तर तिथेच सांगा की हिसकावला असं लिहा. ऑनलाइन तक्रार दिली तर ३ दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते, आणि दुसऱ्या गावी घडलं तरी कुठल्याही स्टेशनला झिरो एफ.आय.आर. घेता येतो. फोन ब्लॉक करायला सरकारच्या सी.ई.आय.आर. पोर्टलवर आय.एम.ई.आय. म्हणजे फोनचा ओळख नंबर आणि पोलिसांची प्रत लागते, ते त्याच दिवशी करून टाका.

प्रश्न : माझ्यावर दोन वर्षांपूर्वी शेजारच्या भांडणात एन.सी. झाली होती आणि नंतर चॅप्टर केसही झाली, बॉन्ड लिहून दिला होता. आता पोलीस भरतीचा फॉर्म भरतोय. हे लिहायचं का लपवायचं? मित्र म्हणतात लिहिलं की गेलास. (एक भरती करणारा, परभणी)

उत्तर : लपवू नको रे बाळा. एन.सी. म्हणजे शिक्षा नाही, चॅप्टर केस म्हणजेही शिक्षा नाही, ती शांतता राखायची हमी असते, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १०७, आता नागरिक सुरक्षा संहितेतलं १२६. पण चारित्र्य पडताळणीत ते सगळं रेकॉर्डवरून निघतंच आणि मग "माहिती लपवली" हा नवा डाग लागतो, तो पहिल्यापेक्षा जड. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये अवतार सिंगच्या प्रकरणात हेच सांगितलंय की उमेदवाराने माहिती खरी द्यावी, किरकोळ प्रकरण असेल तर त्याकडे दुर्लक्ष करायचा अधिकार नेमणूक करणाऱ्याला आहे. फॉर्ममधला प्रश्न नीट वाच, गुन्हा दाखल आहे का, अटक झाली का, दोषी ठरलास का, हे वेगवेगळे प्रश्न असतात, ज्याला जे उत्तर खरं तेच दे आणि एन.सी.ची, बॉन्डची झेरॉक्स जवळ ठेव. पळायची प्रॅक्टिस सोडू नकोस.

प्रश्न : मिस्टरांना प्रांत ऑफिसकडून तडीपारीची नोटीस आलीय. त्यांच्यावर जुन्या चार केसेस होत्या, दोनमध्ये निर्दोष सुटलेत. आता गेली काही वर्षं रिक्षा चालवतात. कोर्टाने शिक्षाच दिली नाही तर जिल्ह्याबाहेर कसं काढतात? (एक वाचक, मिरज)

उत्तर : ताई, तडीपारी ही गुन्ह्याची शिक्षा नाहीये, म्हणून ती कोर्ट देत नाही. ती आपल्या राज्याच्या कायद्यातली गोष्ट आहे, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ५५, ५६, ५७. जिल्ह्यात प्रांत आणि आयुक्तालय असेल तिथे डी.सी.पी. असा आदेश काढतात, जास्तीत जास्त २ वर्षांसाठी. कलम ५६ मागचा विचार असा की माणूस गुन्हे करायच्या तयारीत आहे आणि त्याच्या भीतीने साक्षीदार उघड पुढे येत नाहीत, म्हणून नोटिशीत बऱ्याचदा नाव न दिलेल्या गोपनीय साक्षीदारांचा उल्लेख असतो.

पण नोटीस आली म्हणजे आदेश झाला असं नाही. कलम ५९ प्रमाणे त्यांना बाजू मांडायची संधी द्यावीच लागते, वकील लावता येतो, आपले साक्षीदार देता येतात. तुमच्याकडे जे आहे ते सगळं पुराव्यात द्या, निर्दोष सुटल्याच्या निकालांच्या नकला, रिक्षाचं परमिट आणि बॅज, मुलांच्या शाळेचे दाखले, गल्लीतल्या चार लोकांचे जबाब. जुन्या आणि आजच्या परिस्थितीशी संबंध नसलेल्या केसेसवर तडीपारी उभी करता येत नाही. २०२२ मध्ये जालन्याच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तडीपारीचा आदेश रद्द केला आणि हा असाधारण उपाय आहे, माणसाच्या देशभर फिरण्याच्या मूलभूत हक्कावर घाला येतो, तेव्हा जपून वापरा असं म्हटलंय. तरी आदेश झालाच तर ३० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं आणि त्यानंतर हायकोर्ट आहे. तोपर्यंत एकच गोष्ट कटाक्षाने पाळा, आदेश लागू असताना मुलाचा वाढदिवस आहे, आई आजारी आहे म्हणून रात्रीचं गुपचूप घरी यायचं नाही, त्यासाठी लेखी परवानगी मागता येते. परवानगीशिवाय हद्दीत सापडले तर कलम १४२ चा गुन्हा होतो, त्याला २ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ती मात्र खरी शिक्षा.

प्रश्न : जन्मठेप म्हणजे १४ वर्षं ना? आणि नवीन कायद्यात झाडू मारायची शिक्षा आलीय हे खरं का? (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. १४ वर्षांचा आकडा कुठून आला, तर गंभीर गुन्ह्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला सरकार सूट देऊन सोडणार असेल तरी १४ वर्षं आत काढल्याशिवाय सोडता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे, १४ झाली म्हणून सुटायचा हक्क तयार होत नाही. न्याय संहितेत शिक्षा सहा प्रकारच्या आहेत : फाशी, जन्मठेप, कैद (सक्तमजुरी किंवा साधी), मालमत्ता जप्ती, दंड आणि नवी आलेली समाजसेवा. ही समाजसेवा अगदी मोजक्या गुन्ह्यांना आहे, उदाहरणार्थ दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा, बदनामी, किंवा ५,००० च्या आतली पहिलीच चोरी आणि माल परत केला असेल तर. काय काम द्यायचं ते कोर्ट ठरवतं. आणि कलमात "७ वर्षांपर्यंत" असतं त्यातला "पर्यंत" वाचायला विसरू नकोस, ती वरची मर्यादा आहे, "कमीत कमी" असं लिहिलेलं असेल तिथेच कोर्टाचे हात बांधलेले असतात.

प्रश्न : घटना मे २०२४ ची, चार्जशीट ऑगस्टमध्ये. त्यावर आय.पी.सी. ३२४ कसं? तो कायदा बंद झाला ना? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : गुन्हा ज्या दिवशी घडला त्या दिवशीचा कायदा लागतो. न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून आली, त्याआधीच्या घटनेला १८६० ची आय.पी.सी.च. चार्जशीट बरोबर आहे.

प्रश्न : मी जातीबाहेर लग्न केलं म्हणून आमच्या जातपंचायतीने आईवडलांना वाळीत टाकलंय. दंड भरा म्हणतात. चुलत्याच्या मयतीला वडलांना खांदा देऊ दिला नाही, किराणा दुकानदार जातीतला आहे तो माल देत नाही. वडील म्हणतात हे आपल्या घरातलं आहे, पोलिसात कशाला. हा गुन्हा आहे का हो? (एक मुलगी, आता पुण्यात)

उत्तर : हो, गुन्हा आहे, आणि हे पत्र मी तीनदा वाचलं.

यासाठी आपल्या राज्याने स्वतंत्र कायदा केलाय, सामाजिक बहिष्कार प्रतिबंधाचा, २०१६ चा, जुलै २०१७ पासून लागू आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये असा एक प्रयत्न केला होता पण तो धार्मिक बहिष्काराच्या मुद्द्यावर १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टात टिकला नाही, त्यानंतर इतक्या वर्षांनी हा कायदा आला, आणि जातपंचायतींचा जाच सोसलेल्या लोकांनी उघड बोलायला सुरुवात केली म्हणून आला. त्यात लग्न, अंत्यविधी, सामाजिक कार्यात अडवणं, देवाणघेवाण किंवा व्यवहार तोडायला लावणं हे सगळं बहिष्कारात धरलंय. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना एन.सी. देऊन तुम्हाला परत पाठवता येणार नाही. जामीनपात्र आहे, म्हणजे पंच जामिनावर सुटतील, तेव्हा गावी आईवडील एकटे पडणार नाहीत याची सोय आधी करा. जिथे पंचायत बसणार असल्याची कुणकुण आहे तिथे जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला तर ती बैठकच थांबवता येते, आणि मला विचाराल तर सुरुवात तिथून करणं तुमच्या वडलांना सोपं जाईल कारण त्यात लगेच भाऊबंदांवर गुन्हा टाकल्यासारखं त्यांना वाटणार नाही.

पुरावा म्हणून दंडाची मागणी कुणी कधी केली ते तारखेसह वहीत लिहून काढा, फोन आले असतील तर रेकॉर्डिंग, व्हॉट्सअप ग्रुपमधून काढलं असेल तर त्याचा स्क्रीनशॉट, दुकानदाराने नकार दिला तेव्हा सोबत कोण होतं त्याचं नाव. दंड भरला असेल तर तो कसा दिला ते लिहा, लाज वाटून लपवू नका. पंचांनी प्रकरणात देवऋषी आणला, अंगात आणून "पाप" शोधायला लावलं, मारहाण केली असं काही झालं असेल तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही बघावा लागेल. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला त्यानंतर काही दिवसांतच त्याचा वटहुकूम निघाला, त्यात ६ महिने ते ७ वर्षं कैद आणि ५,००० ते ५०,००० दंड आहे, आणि तो अजामीनपात्र आहे.

वडलांना मात्र रेटू नका. खांदा देऊ दिला नाही हे त्यांनी तुम्हाला सांगितलं, यात त्यांचं निम्मं बोलणं झालंय. गावी जाल तेव्हा हा अंक घेऊन जा, त्यांना हवं असेल तर मी त्यांच्याशी फोनवर बोलेन, मासिकाच्या कचेरीत निरोप ठेवा.